शलमोन राजा व त्याचें वैभव

ज्युबिली हा शब्द आपण सर्वांनीं इतक्या वेळां ऐकिला आहे कीं, तो मूळचा कोठला हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. मंडप, रोषणाई, बँड, मोठी मिस्सा व पाहुण्यांचें जेवण, एवढें झालें म्हणजे ज्युबिली झाली असें आम्ही समजतों. वस्तुतः तो शब्द मेंढ्याच्या शिंगाच्या इब्री नांवापासून निघाला आहे. दर पन्नासाव्या वर्षीं इस्राएल लोकांनीं शिंग फुंकावें. ज्याची जमीन गरिबीमुळें विकली गेली असेल त्याला ती परत मिळावी. जो कर्जापायीं दुसऱ्याच्या घरीं राबत असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या माणसांत जावें, अशी परमेश्वराची आज्ञा लेवीय नांवाच्या पुस्तकांत आहे. एक भाऊ फार वर चढूं नये आणि दुसरा फार खालीं जाऊं नये, हा त्या आज्ञेचा हेतु.

म्हणून आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत, ज्या राजानें परमेश्वरासाठीं यरुशलेमांत पहिलें मंदिर बांधिलें त्या शलमोनाचें चरित्र वाचकांस सादर करावें असें आम्हांस वाटलें. अशा पुस्तिकांतून संतांचीं चरित्रें नेहमीं येतात. शलमोनाच्या नांवानें आपण नोव्हेना करीत नाहीं, कीं त्याचा सणही पाळीत नाहीं. परंतु ज्याला परमेश्वरानें सर्व कांहीं दिलें त्याचें मन त्या देणग्यांनींच कसें फिरलें, हें पाहावयाचें असेल तर त्याच्याकडेच गेलें पाहिजे.

शलमोन हा दावीद राजा व बथशेबा यांचा पुत्र. त्या दोघांच्या विवाहाच्या मुळाशीं केवढें पाप होतें हें वाचकांस ठाऊक आहे. त्यांचें पहिलें मूल दगावलें. त्यानंतर शलमोन झाला, आणि ज्या नाथान संदेष्ट्यानें दावीदाच्या तोंडावर त्याचें पाप बोलून दाखविलें होतें त्याच्याच हातीं परमेश्वरानें निरोप पाठवून या बाळाचें नांव यदीद्या, म्हणजे परमेश्वराचा लाडका, असें ठेवविलें.

दावीद म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला, तेव्हां शलमोनाचा वडील सावत्र भाऊ अदोनीया यानें राज्यावर हक्क सांगितला. त्यानें रथ व घोडेस्वार जमविले, आणि आपल्यापुढें धांवावयास पन्नास माणसें ठेविलीं. शलमोन मात्र बापाच्या खेचरावर बसून गीहोनाच्या झऱ्यापाशीं गेला. तेथें सादोक याजकानें त्याच्या मस्तकावर तेल ओतलें, शिंग वाजलें, आणि लोकांनीं असा जयघोष केला कीं धरणी दणाणून गेली. रथ अदोनीयाचे होते आणि राज्य खेचरावर बसलेल्याला मिळालें, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. इतिहासकार शलमोनाच्या राज्याचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ९७० ते ९३१ असा धरितात. त्याचा प्रारंभ अगदींच निष्कलंक होता असें नाहीं. अदोनीया मारला गेला. यवाब सेनापति वेदीच्या आश्रयास गेला असतां तेथेंच मारला गेला. अब्याथार याजकाला आपल्या शेतावर हद्दपार व्हावें लागलें. त्या काळच्या राजवाड्यांतून असें होत असे. तरी त्या रक्ताचा डाग आम्ही पुसूं इच्छीत नाहीं.

पुढें तो गिबोन येथें यज्ञ करावयास गेला असतां रात्रीं स्वप्नांत परमेश्वरानें त्याला दर्शन दिलें, आणि हवें तें माग म्हणून सांगितलें. शलमोनानें उत्तर दिलें कीं, आपण अजून लहान लेंकरासारखे आहों, राज्य कसें चालवावें हें आपणांस कळत नाहीं. तर या लोकांचा न्याय करण्यासाठीं आपणांस समजदार हृदय मिळावें. इब्री भाषेंत जे शब्द आहेत त्यांचा अक्षरशः अर्थ ऐकणारें हृदय असा होतो. त्यानें बोलणारें तोंड मागितलें नाहीं, हुकूम देणारा हात मागितला नाहीं. ऐकणारें हृदय मागितलें! परमेश्वर प्रसन्न झाला, आणि त्यानें न मागितलेलें धन व मानही त्याला देऊं केलें. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण धन हेंच मुळीं पाप आहे असें कित्येक भाविक जन समजतात. शलमोनाचें धन देवाच्या हातून आलेलें होतें, चोरीचें नव्हतें. पुढें जें बिघडलें तें त्या धनाला राहावयास जें घर मिळालें त्या हृदयांत बिघडलें.

एका मुलासाठीं भांडणाऱ्या दोन बायांचा त्यानें केलेला निवाडा रविवारच्या शाळेंतील मुलांनाही पाठ आहे, म्हणून तो येथें सांगत नाहीं. त्या निवाड्यांत त्यानें ज्यांचें ऐकिलें त्या दोन्ही बाया समाजांतील अगदीं खालच्या पायरीवरच्या होत्या, आणि राजा त्यांच्यासाठीं बसला होता, एवढेंच सुचवितों.

राज्याच्या चवथ्या वर्षीं त्यानें मंदिराचा पाया घातला. सोर शहराचा राजा हिराम यानें लबानोन पर्वतावरील गंधसरूचें लांकूड समुद्रमार्गें पाठविलें. मंदिराची लांबी ६० हात, रुंदी २० हात व उंची ३० हात होती. दगड खाणींतच घडून आणीत. त्यामुळें बांधकामाच्या जागीं हातोडीचा, कुऱ्हाडीचा किंवा कोणत्याही लोखंडी हत्याराचा आवाज ऐकूं आला नाहीं. ज्यांच्या घराशेजारीं देवळाचें काम चाललेलें आहे त्यांना ही शांतता किती अपूर्व आहे हें कळेल. सात वर्षांत काम पुरें झालें. समर्पणाच्या दिवशीं राजानें वेदीसमोर गुडघे टेकून जी प्रार्थना केली ती जुन्या करारांतील अत्यंत सुंदर प्रार्थनांपैकीं एक होय. स्वर्गांतही जो मावत नाहीं तो या घरांत कसा मावेल, असें तो देवाला विचारतो. आणि दूर देशाहून एखादा परका येऊन या घराकडे तोंड करून प्रार्थना करील तर त्याचेंही ऐकावें, अशी विनंति करितो. त्या दिवशीं राजा गुडघ्यांवर होता व त्याचें हृदय अजून ऐकत होतें.

मंदिराला सात वर्षें लागलीं. त्यानंतर राजानें स्वतःसाठीं वाडा बांधावयास घेतला, त्याला तेरा वर्षें लागलीं. लबानोनवनगृह नांवाचा त्यांतील एकटा दिवाणखानाच १०० हात लांब व ५० हात रुंद, म्हणजे देवाच्या घराहून कितीतरी मोठा. पवित्र शास्त्राचा लेखक हीं मापें एकापुढें एक मांडतो, आणि स्वतः एक शब्दही बोलत नाहीं. आम्ही हें कोणावर रोख धरून लिहीत नाहीं. आपल्या देवळासाठीं ज्यांनीं हात सैल सोडला त्यांचे आम्ही ऋणी आहों. परंतु देवासाठीं सात वर्षें काम केलें म्हणजे पुढचीं तेरा आपलीं, असा हिशेब मन न कळत मांडीत असतें, हें आम्ही आपल्यावरूनच सांगतों.

आतां एका कायद्याकडे वळलें पाहिजे. अनुवाद नांवाच्या पुस्तकांत, सतराव्या अध्यायांत, इस्राएलाच्या राजासाठीं तीन मनाया आहेत. त्यानें पुष्कळ घोडे बाळगूं नयेत, व घोड्यांसाठीं लोकांना पुन्हां मिसर देशाकडे लावूं नये. त्यानें पुष्कळ बायका करूं नयेत. त्यानें सोनें व रुपें फार सांठवूं नये. शिवाय त्यानें नियमशास्त्राची एक प्रत आपल्यासाठीं लिहून घ्यावी व जन्मभर रोज वाचावी. कां, तर त्याचें हृदय आपल्या भावांहून उंच होऊं नये म्हणून. आठव्या अध्यायांत तोच इशारा सर्व लोकांना दिलेला आहे: पोटभर जेवाल, चांगलीं घरें बांधाल, गुरेंढोरें व सोनेंरुपें वाढेल, तेव्हां सांभाळा, कारण मग मन फुगतें आणि हें सर्व आपल्याच मनगटाच्या जोरावर मिळालें असें वाटूं लागतें. आजचे शास्त्री म्हणतात कीं, या कायद्याला सध्याचें रूप शलमोनानंतर पुष्कळ काळानें आलें, व लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें शलमोनच होता. तसें असेल तर हा कायदा म्हणजे त्याच्या चरित्राचाच सारांश झाला. त्यानें तिन्ही मनाया मोडल्या, एकही सोडली नाहीं.

घोड्यांचें पाहा. खेचरावर बसून आलेल्या या राजाजवळ १४०० रथ व १२,००० घोडेस्वार झाले. घोडे मिसरांतूनही येत. एका रथाला ६०० शेकेल रुपें व एका घोड्याला १५० असा भाव होता, आणि राजाचे व्यापारी ते उत्तरेकडील राजांनाही विकीत. सोन्याचें पाहा. एका वर्षांत ६६६ तालांत सोनें त्याच्याकडे आलें असें लिहिलें आहे. आजच्या वजनानें तें २२ टनांहून अधिक भरतें. हे आंकडे जसेच्या तसे घ्यावेत कीं नाहीं, आणि त्या शतकांतील यरुशलेम एवढें मोठें होतें कीं नाहीं, याविषयीं उत्खनन करणाऱ्या विद्वानांत मोठा वाद आहे. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. लेखकाला जें सांगावयाचें आहे तें या आंकड्यांनीं स्पष्ट होतें. यरुशलेमांत रुपें दगडधोंड्यांसारखें झालें. राजानें सोन्याच्या २०० मोठ्या ढाली करविल्या, प्रत्येकीला ६०० शेकेल, म्हणजे सुमारें सात किलो सोनें. आणि ३०० लहान ढाली केल्या त्या वेगळ्या. सोन्याची ढाल लढाईच्या उपयोगाची नसते. त्या ढाली त्यानें दिवाणखान्यांत लावून ठेविल्या. हस्तिदंताचें सिंहासन सोन्यानें मढविलें. त्याला सहा पायऱ्या, आणि पायऱ्यांवर दोहों बाजूंस बारा सिंह. ज्या माणसाचें हृदय भावांहून उंच होऊं नये असें सांगितलें होतें, त्याची बैठक तरी सहा पायऱ्या उंच झाली.

हें सोनें कोठून येई? येथें आमच्या वसईकर वाचकांसाठीं थोडें विषयांतर करितों. तांबड्या समुद्रावरील एस्योन-गेबेर बंदरांत शलमोनानें गलबतें बांधविलीं, आणि हिरामाचे खलाशी त्यांतून ओफीर देशास जाऊन ४२० तालांत सोनें घेऊन आले. दुसऱ्या एका तांड्यांतून तीन वर्षांतून एकदां सोनें, रुपें, हस्तिदंत, वानरें व मोर येत. ओफीर म्हणजे कोठें? जुन्या करारांच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत हें नांव स-काराने आरंभ होऊन सोफीरा असें येतें. पहिल्या शतकांतील यहुदी इतिहासकार योसेफस त्याला हिंदुस्थानांत धरितो. आणि संत जेरोम यानें ईयोबाच्या पुस्तकाचें लॅटिन भाषांतर करितांना ओफीर या शब्दाच्या जागीं हिंदुस्थान असेंच लिहिलें. यावरून कित्येक पंडितांनीं ओफीर म्हणजे आपलें सोपारें असें मत मांडिलें. दुसरे तें अरबस्तानांत व आणखी कोणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धरितात. निर्णय झालेला नाहीं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटांत जो स्तूप उघडिला तो बौद्धांचा, म्हणजे शलमोनाच्या फार नंतरचा. मात्र ओफीर हें केवळ कथेंतील नांव नव्हे. १९४६ सालीं तेल अवीवजवळ तेल कासीलेच्या टेकडीवर ओफीरचें सोनें, ३० शेकेल, अशी नोंद असलेलें एक खापर सांपडलें. आपल्या खाडीच्या कांठावरून त्या सोन्याचीं गलबतें गेलीं असतील तर गंमतच आहे. न गेलीं असतील तरी आमच्या चरित्रनायकाचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं.

शबा देशाची राणी उंटांवर सुगंधी द्रव्यें, रत्नें व १२० तालांत सोनें घालून त्याला पाहावयास आली, तेव्हां त्याचें ज्ञान, वाडा, मेजवानी व चाकरांचे पोशाख पाहून तिचा श्वासच थांबला. असा राजा लाभलेले चाकर धन्य होत, असें तिनें म्हटलें. तिनें पाहिले ते सिंहासनासमोर उभे राहणारे चाकर. लबानोनांत किंवा खाणींत ती गेली नव्हती.

तेथें काय चाललें होतें? सर्व इस्राएलांतून ३०,००० माणसें वेठीस धरलीं होतीं. दर महिन्यास दहा हजार याप्रमाणें तीं पाळीपाळीनें लबानोनांत जात; एक महिना तेथें, दोन महिने घरीं. याशिवाय ७०,००० ओझीं वाहणारे व ८०,००० दगड फोडणारे होते. वेठीवरील मुख्य अंमलदार अदोनीराम होता. कायमचे दास मात्र कनानी लोकांतून केले, इस्राएल लोकांतून नव्हे, असें एके ठिकाणीं लिहिलें आहे. पण तीन महिन्यांतून एक महिना ज्याच्या शेताला मालक नाहीं त्याला हा भेद काय सुखाचा? शिवाय देशाचे बारा भाग करून प्रत्येकानें वर्षांतून एक महिना राजाचें स्वयंपाकघर चालवावें असा नियम होता. रोज दहा पुष्ट बैल, कुरणांतले वीस बैल व शंभर मेंढरें लागत. हरणें व पोसलेलीं पांखरें निराळीं. ज्यांच्या पूर्वजांना मिसरांतील फारोच्या वेठींतून परमेश्वरानें सोडविलें, तेच आतां आपल्या घरच्या राजासाठीं दगड फोडीत होते. आणि फारोची कन्या राजाची राणी होती.

वीस वर्षांचें बांधकाम संपलें तेव्हां हिरामाचें देणें राहिलें होतें. लांकूड, शिवाय १२० तालांत सोनें. शलमोनानें गालीलांतील वीस गांवें त्याला देऊन टाकिलीं. हिराम तीं पाहावयास गेला तेव्हां त्याला तीं पसंत पडलीं नाहींत, आणि त्यानें त्या भागाला काबूल असें नाराजीचें नांव ठेविलें. वाडी विकणें म्हणजे काय हें आमच्या लोकांना सांगावयास नको. बापजाद्यांचें नांव सातबाऱ्यावरून गेलें कीं घरांतील म्हातारीं माणसें आठ दिवस नीट जेवत नाहींत, हें आम्हीं पाहिलें आहे. येथें वीस गांवांतील लोक एका सकाळीं उठले तों ते परक्या राजाचे झाले होते, आणि त्या राजालाही ते नकोसे होते. राजवाड्याच्या लांकडाची किंमत म्हणून भावांचीं घरें गेलीं! जमीन भावाला परत द्यावी असें सांगणारें ज्युबिलीचें शिंग त्याच्या चाळीस वर्षांच्या राज्यांत वाजल्याचा उल्लेख राजांच्या पुस्तकांत नाहीं.

त्याच सुमारास परमेश्वरानें त्याला दुसऱ्यांदा दर्शन देऊन ताकीद दिली, कीं तूं मला सोडशील तर हें मंदिरही मी टाकून देईन. या वेळीं शलमोनानें काय उत्तर दिलें तें लिहिलेलें नाहीं. गिबोनाच्या रात्रीं तो बोलला होता.

तिसऱ्या मनाईविषयीं थोडक्यांत सांगतों. ७०० राण्या व ३०० उपस्त्रिया, असा आंकडा आहे. पुष्कळ विवाह शेजारच्या राजांशीं तह करण्यासाठीं झाले असतील. तेंही एक प्रकारचें धन सांठविणेंच होय. म्हातारपणीं त्यांच्यासाठीं त्यानें यरुशलेमच्या पूर्वेकडील टेकडीवर मवाबी लोकांच्या कमोशाचें व अम्मोनी लोकांच्या मोलखाचें स्थान बांधिलें. सिदोनी लोकांच्या देवीचीही तो भक्ति करूं लागला. लोक याला केवळ स्त्रीमोह म्हणतात, आणि सिराखपुत्राच्या ग्रंथांतही त्या बाजूनेंच त्याला दोष दिलेला आहे. आमच्या अल्प मतें मूळ याहून खोल होतें. ज्याला कोणाचेंच ऐकण्याची गरज उरली नाहीं, त्याला एका देवाचें ऐकण्याचीही उरत नाहीं. तीं मूर्तिस्थानें योशीया राजानें इसवी सनापूर्वीं ६२२ च्या सुमारास भ्रष्ट करीपर्यंत, म्हणजे तीनशें वर्षें, मंदिराच्या समोर उभीं होतीं.

वेठीच्या एका तुकडीवर यराबाम नांवाचा कर्तबगार तरुण मुकादम होता. त्याला वाटेंत अहीया संदेष्टा भेटला. अहीयानें अंगावरील कोऱ्या वस्त्राचे फाडून बारा तुकडे केले, आणि दहा यराबामाच्या हातीं दिले. दहा वंश दावीदाच्या घराण्यापासून निघून तुझ्याकडे येतील, असा त्याचा अर्थ होता. शलमोनाला तें कळलें, तेव्हां त्यानें यराबामाला ठार मारावयास पाहिलें. यराबाम मिसर देशाचा राजा शीशक याच्या आश्रयास पळाला. ऐकणाऱ्या हृदयाच्या राजाचें हें शेवटचें नोंदलेलें कृत्य. त्यानंतर तो मरण पावला व दावीदाच्या नगरांत त्याला पुरलें.

त्याच्या आत्म्याचें काय झालें? प्राचीन धर्मपंडितांत याविषयीं एकमत नाहीं. त्याला पश्चात्ताप झाला असें कित्येकांनीं मानिलें. कित्येकांनीं शंका घेतली. इटालियन कवि दांते यानें आपल्या काव्यांत त्याला स्वर्गांत बसविलें आहे. आम्हीही दांतेच्या बाजूचे आहों. परंतु ही आमची इच्छा आहे, पुरावा नव्हे.

हिशेब मुलाला चुकवावा लागला. रहबाम राज्याभिषेकासाठीं शखेम येथें गेला, तेव्हां लोकांनीं विनंति केली कीं बापानें घातलेलें जूं थोडें हलकें करावें. बापाच्या वेळच्या वृद्ध मंत्र्यांनीं गोड बोलावयास सांगितलें. बरोबर वाढलेल्या तरुणांनीं याच्या उलट सांगितलें, आणि रहबामानें त्यांचें ऐकून आणखी जड जूं घालण्याची धमकी दिली. वाड्यांत जन्मलेल्या या मुलानें दगड फोडणारा माणूस जवळून पाहिला तरी होता कीं नाहीं, कोण जाणे. दहा वंश उठून गेले. रहबामानें त्यांच्याकडे पाठविला तो कोण, तर वेठीवरचा जुना अंमलदारच! लोकांनीं त्याला दगडांनीं ठार मारिलें. रहबाम घाईघाईनें रथांत चढून यरुशलेमला पळाला. बापाच्या १४०० रथांपैकीं एकाचा हा एवढा उपयोग झाला.

रहबामाच्या पांचव्या वर्षीं मिसरचा तोच शीशक यरुशलेमवर चालून आला. आपण जिंकिलेल्या गांवांचीं नांवें त्यानें मिसरांतील कर्नाक येथील देवळाच्या भिंतीवर कोरविलीं, तीं अद्यापि तेथें आहेत. परमेश्वराच्या मंदिराचें व राजवाड्याचें भांडार त्यानें लुटून नेलें, आणि शलमोनानें केलेल्या सोन्याच्या ढालीही नेल्या. रहबामानें त्यांच्या जागीं पितळेच्या ढाली करविल्या, व त्या वाड्याच्या दारावरील पहारेकऱ्यांच्या नायकांच्या स्वाधीन केल्या. राजा परमेश्वराच्या मंदिरांत जावयास निघाला म्हणजे पहारेकरी त्या हातांत घेऊन पुढें चालत, आणि तो परत आला म्हणजे त्या पुन्हां आपल्या चौकींत नेऊन ठेवीत.